‘रियांश’ म्हणजे नक्की काय? एका नावाचा लिटरेचर रिव्ह्यू



इंटरनेटवर ‘रियांश’ या नावाचा अर्थ शोधलात तर दोन मिनिटांत दोन उत्तरं हाती येतात. एक, ‘सूर्याचा पहिला किरण’. दुसरं, ‘भगवान विष्णूचा अंश’. खाली एक छोटा तक्ता असतो: लिंग मुलगा, रास तूळ, शुभांक अमुक, मूळ संस्कृत. दहा पानं उघडा, वीस उघडा, तेच दोन अर्थ आणि तोच तक्ता. आता मला सांगा, वीस ठिकाणी एकच गोष्ट सापडली तर तुमच्याकडे पुरावे किती झाले? वीस, की एक?

तुमच्यातले बरेच जण येत्या सेटची किंवा पीएचडी प्रवेशाची तयारी करताय, आणि मेलमध्ये एक प्रश्न सारखा येतो: ‘लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नक्की करायचं काय?’ मी मटेरियल सायन्सवाली. माझ्या विषयातलं उदाहरण घेतलं तर निम्मे वाचक दुसऱ्या परिच्छेदात पळतील. म्हणून आज एका नावाचा रिव्ह्यू करू. नाव सगळ्यांना कळतं, आणि त्यातले पुरावे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. शब्दकोश आणि कान पुरतात.

निमित्त घरचंच. माझ्या मावसबहिणीचं बाळ, बारसं आठ दिवसांवर. नाव ठरलं होतं, रियांश. पण तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे संस्कृत घेऊन जुनी मॅट्रिक झालेले अण्णा, त्यांनी विचारलं, ‘याचा विग्रह सांग.’ ताईने मला फोन केला. ‘तू एवढी पीएचडी करतेयस ना, मग सांग यांना काहीतरी.’ मी म्हटलं, ‘ताई, काहीतरी नाही सांगणार. बघून सांगते.’

तर बघू.

आधी शेपटीकडून सुरुवात करते, कारण तिथे जमीन पक्की आहे. ‘अंश’ हा अस्सल, जुना संस्कृत शब्द. अर्थ वाटा, हिस्सा. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात आदित्यांची नावं येतात, मित्र, अर्यमा, भग, वरुण, दक्ष, आणि त्यांच्यात एक ‘अंश’ही आहे. म्हणजे ‘अंश’ हे स्वतःच एक नाव आहे, तेही देवाचं. मराठीत हा शब्द आपण रोज वापरतो: तापमानाचे अंश, कोनाचे अंश, अपूर्णांकातला अंश आणि छेद. ‘शिवांश’ घ्या. शिव अधिक अंश, अ आणि अ मिळून आ, सवर्णदीर्घ संधी, शाळेत शिकलेला. विग्रह ‘शिवाचा अंश’, षष्ठी तत्पुरुष. ‘दिव्यांश’ म्हणजे दिव्य असा अंश, कर्मधारय. ही नावं आज्जीच्या काळात नव्हती म्हणून ती चुकीची ठरत नाहीत. व्याकरणाच्या नियमांनी घडलेला नवा शब्द हा नियमात बसणारा शब्दच असतो.

आता ‘रियांश’ फोडा. शेवटी ‘अंश’ हवा असेल तर पुढे काय उरतं? ‘रि’ उरत असेल तर संधी होईल ‘र्यंश’, कारण इ पुढे अ आला की य होतो. अति अधिक अंत म्हणजे अत्यंत, तसं. ‘रियांश’ मिळवायचं तर पहिलं पद ‘रिय’ किंवा ‘रिया’ हवं. ‘रिय’ असा संस्कृत शब्द नाही. ‘रिया’? आपट्यांचा १८९० चा कोश आणि मोनियर-विल्यम्सचा १८९९ चा कोश दोन्ही आज कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तुम्ही स्वतः टाकून बघा. सोडणे, वाहू देणे अशा अर्थाचा ‘री’ धातू मिळेल. नामाला जोडता येईल असं ‘रिया’ हे पद मिळणार नाही.

गंमत म्हणजे ‘रिया’ हा उच्चार जगात इतरत्र भरपूर सापडतो. युरोपात तो मारियाचं लघुरूप. अरबीत ‘रिया’ म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेली भक्ती, दांभिकपणा. आणि भूगोलवाल्यांना ‘रिया किनारा’ आठवेल, स्पॅनिशमधून आलेला, नदीच्या मुखात समुद्र आत घुसून तयार झालेला. यातला एकही अर्थ नावांच्या पानांवर नाही, आणि नसावाच, कारण पालकांच्या डोक्यात यातलं काही नसतं. पण लक्षात ठेवा: उच्चार जुळला म्हणजे मूळ जुळलं असं होत नाही. हा नियम अरबी आणि स्पॅनिशला लावायचा असेल तर संस्कृतलाही लावा.

मग ‘सूर्याचा किरण’ आला कुठून? माझा संशय एका ह्रस्व उकारावर आहे. संस्कृतात ‘अंश’ आणि ‘अंशु’ हे दोन वेगळे शब्द. अंश म्हणजे वाटा. अंशु म्हणजे वेदात सोमवनस्पतीचा धागा किंवा देठ, आणि पुढे किरण. हिमांशू, सुधांशू, शीतांशू ही सगळी चंद्राची नावं, गार किरणांचा, अमृताच्या किरणांचा. सहस्रांशू म्हणजे सूर्य. अंशुमान म्हणजेही सूर्य, आणि सगर राजाचा नातूही. ‘किरण’ हा अर्थ ‘अंशु’चा आहे. उकार गळाला तरी किरण राहिला, असं काहीसं झालेलं दिसतं. ‘विष्णूचा अंश’ हा दुसरा अर्थ मात्र शेपटीशी प्रामाणिक आहे. पुराणांत अंशावताराची कल्पना आहेच. फक्त ‘रिया’त विष्णू कुठे बसला, ते कुणी सांगत नाही.

म्हणजे एकाच नावाचे दोन प्रसिद्ध अर्थ दोन वेगवेगळ्या शब्दांवरून आलेत, आणि दोन्ही शेजारीशेजारी छापलेत. एकाच पेपरमध्ये एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू दिलेत आणि खाली कुणी काही म्हणत नाही, अशी ही अवस्था. रिव्ह्यू करताना अशी विसंगती दिसली की तिथे थांबायचं. बहुतेक विद्यार्थी दोन्ही वाक्यं उतरवून घेतात आणि मध्ये ‘तसेच’ लिहितात.

याच घराण्यातलं एक नाव मात्र आपल्याला पुष्कळ शिकवतं. ‘श्रेयांस’. दन्त्य स. श्रेयांसनाथ हे जैनांचे अकरावे तीर्थंकर. सांगली-कोल्हापूरकडच्या तुमच्या जैन मित्रांना विचारा, नाव ओळखीचं असेल. ‘श्रेयस्’ म्हणजे अधिक चांगलं, अधिक कल्याणकारी. कठोपनिषदातल्या श्रेय आणि प्रेयमधलं श्रेय. या शब्दाची काही रूपं ‘श्रेयांस्’ अशी होतात: श्रेयान्, श्रेयांसौ, श्रेयांसः. म्हणजे ‘श्रेयांस’मधल्या ‘आंस’चा वाट्याशी काडीचा संबंध नाही. ते विशेषणाचं रूप आहे, समास नाहीच. पण आज हजेरीपटावर ‘श्रेयांश’ सापडतो, तालव्य श. कुणीतरी त्या नावाची नवी फोड केली, श्रेय अधिक अंश. काटेकोर संस्कृतात श्रेयस् आणि अंश जोडले तर ‘श्रेयोंऽश’ होईल. मराठीत मात्र ‘श्रेय’ हा अकारान्त शब्द झालाय, तेव्हा ‘श्रेयांश’ मराठी समास म्हणून चालवून घेता येईल. अर्थ होईल श्रेयातला वाटा. पेपरवर तिसऱ्या क्रमांकाचे लेखक झालात की हा अर्थ नीट कळतो!

शब्दाची अशी नवी, आधी नसलेली फोड करणं ही भाषेतली नेहमीची प्रक्रिया आहे. हॅम्बर्ग या शहरावरून ‘हॅम्बर्गर’ झाला. लोकांनी तो हॅम अधिक बर्गर असा फोडला, ‘बर्गर’ सुटा झाला, आणि मग चीजबर्गर, व्हेजबर्गर. आज वडापावाला ‘इंडियन बर्गर’ म्हणताना कुणाला हॅम्बर्ग आठवत नाही. आणि पावाचं तरी काय? तो पोर्तुगीज ‘पांव’वरून गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आला. पण पायाने मळतात म्हणून पाव, किंवा पाव भाग म्हणून पाव, या गोष्टी आजही फॉरवर्ड होत असतात. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. लोकव्युत्पत्ती इतिहास म्हणून खोटी असते. पण ती पुढे शब्दांना खरोखर बदलते. श्रेयांसचा श्रेयांश असाच झाला.

आता माझं गृहीतक मांडते. गृहीतक म्हणतेय, निष्कर्ष नाही. ‘श्रेयांश’चा पहिला श काढा: ‘रेयांश’. ‘प्रियांश’चा प काढा: ‘रियांश’. रेयांश आणि रियांश ही दोन्ही नावं प्रचलित आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. शिवाय रोमन लिपीत लिहिलं की रेयांशची सुरुवात आणि इंग्रजीतला किरणवाचक ‘रे’ कानाला एकच वाटतात. ‘पहिला किरण’ तिथूनही आलेला असू शकतो. म्हणजे किरणाचे दोन संभाव्य स्रोत झाले, ‘अंशु’ आणि इंग्रजी ‘रे’. दोन्ही एकाच वेळीही खरे असतील.

दुसरं गृहीतक पंचांगाचं. अवकहडा चक्र तुम्हाला माहीत असेल. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर, एकूण १०८. चित्रा नक्षत्राची अक्षरं ‘पे पो रा री’. स्वातीची ‘रू रे रो ता’. चित्राच्या चौथ्या चरणावर बाळ झालं की अक्षर आलं ‘री’. ‘री’वरून पारंपरिक मुलाचं नाव सांगा बघू पटकन. नाही सुचत ना? मग तयार शेपूट जोडली जाते: री, मध्ये जिभेला सोयीचा य, आणि आंश. आता बाकीची नावं बघा. मृगाची ‘वे वो का की’: कियांश. रोहिणीची ‘ओ वा वी वू’: वियांश. उत्तराषाढाची ‘भे भो जा जी’: जियांश. पूर्वाभाद्रपदेची ‘से सो दा दी’: दियांश. मला हे पहिल्यांदा जुळताना दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते.

आणि म्हणूनच इथे सावध व्हायचं. आपलं गृहीतक जुळू लागलं की मेंदू फक्त जुळणारी उदाहरणं गोळा करतो. उलट बाजूने विचारा: अक्षराची गरज हेच कारण असेल, तर टियांश कुठेय? पूर्वा फाल्गुनीत ‘टी’ आहे. आश्लेषात ‘डी’ आहे, श्रवणात ‘खी’ आहे. डियांश, खियांश मी तरी ऐकलेले नाहीत. म्हणजे नुसतं अक्षर पुरत नाही, कानाला ‘मॉडर्न’ लागण्याची एक चाळणी वर आहे. शिवाय महाराष्ट्रात अनेक घरांत नावरस नाव वेगळं असतं. ते पत्रिकेत राहतं किंवा बारशाला कानात सांगितलं जातं, आणि हाक मारायचं नाव आवडीचं ठेवतात. अशा घरांत अक्षराचं बंधनच नाही. म्हणजे ही पद्धत जिथे सैल, तिथे रियांशचं प्रमाण कमी दिसायला हवं. ही झाली तपासता येणारी भविष्यवाणी. तुमच्यापैकी कुणी समाजशास्त्रात एमए करत असेल तर छोट्या प्रबंधाचा विषय आयता आहे. नक्षत्रचरण, ठेवलेलं नाव, नाव कुणी सुचवलं, एवढ्या तीन रकान्यांची प्रश्नावली. पण एक करा, ‘अंश’वाली नावंच शोधत जाऊ नका. वॉर्डातली सगळी बाळं घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

‘कियांश’वरून आठवलं. संस्कृतात ‘कियत्’ म्हणजे ‘किती’. त्याला अंश जोडला तर होईल ‘कियदंश’, म्हणजे ‘कितीसा वाटा?’. शिक्षणाच्या खर्चाचा हिशोब करणाऱ्या बापाने विचारावं तसं. असो.

एक पुरावा मात्र मला सगळ्यात आवडतो, आणि तो तोंडात आहे. ‘अंश’ मोठ्याने म्हणा. ‘वंश’ म्हणा. ‘संशोधन’ म्हणा. मराठीत श, स, ह यांच्या आधीचा अनुस्वार ‘न’ होत नाही. त्याचा नाकातला व होतो: अंव्श, वंव्श, संव्शोधन. हिंदीत ‘अन्श’, ‘वन्श’ म्हणतात. आता रियांशला हाक मारा. ‘रियांव्श’ कुणी म्हणतं का? मी ऐकलेली सगळी हाक ‘रियान्श’. हा शब्द मराठीच्या जुन्या तत्सम साठ्यातून घडला असता तर त्याने इथला उच्चार घेतला असता. तो हिंदीतून, किंवा रोमन लिपीतल्या ‘एन’ या अक्षरातून आला असावा. माझा नमुना लहान आहे, एक इमारत आणि दोन बालवाड्या. पण तुमच्या गावात ऐकून बघायला खर्च शून्य.

मग तारखा? नाव आधी कुठे आलं, रेयांश आधी की रियांश, हे तारखेशिवाय सुटत नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं खातं १८८० पासूनची बाळांची नावं वर्षागणिक जाहीर करतं, फक्त पाचपेक्षा कमी बाळांची नावं वगळून. त्यात भारतीय नावंही दिसतात. मोह होतो तीच यादी घेऊन आलेख काढायचा. पण ती अनिवासी घरांची नावं, सातारा-नांदेडची नाहीत. आणि तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, त्यामुळे एकच रियांश चार ओळींत विखुरलेला. आपल्याकडे अशी सार्वजनिक यादी नाही. मतदारयाद्या मिळतात, पण त्यात अठरा वर्षांवरचे लोक. आजचं बाळ त्यात उमटायला दोन दशकं. उरतात शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर, आणि तिथे परवानगी लागते, मुलांच्या माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्न येतो. म्हणून ‘हे नाव अमुक साली सुरू झालं’ असं कुणी ठामपणे सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारा: कोणत्या नोंदीवरून?

आता परीक्षणाचा मुख्य मुद्दा. नावांची ही पानं वाईट का? नवीन नावं पसरवतात म्हणून नाही. उलट ते काम ती बरं करतात. ती वाईट आहेत ‘मूळ: संस्कृत’ या रकान्यामुळे. त्या रकान्यात संदर्भ नसतो. कोणता ग्रंथ, कोणता कोश, कोणती व्युत्पत्ती, काही नाही. तो रकाना माहिती देत नाही, शिक्का मारतो. आणि सगळे अर्थ चांगलेच असतात. किरण, तेज, विजय, देवाचा अंश. ज्या कोशात एकही शब्द कडू नाही तो कोश नव्हे, मिठाईचं दुकान आहे. शब्दाचं काम गंभीरपणे करायचं म्हणजे काय, ते पुण्यात येरवड्याच्या बाजूला जाऊन बघा. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश चाललाय, एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या, प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या ग्रंथात आधी आला आणि कोणत्यात नंतर, या क्रमाने. पाऊणशे वर्षं झाली तरी ‘अ’ संपलेला नाही. लोक हसतात. मला मात्र त्या वेगाचा आदर वाटतो.

वीस पानांवरचा एकच मजकूर हा वीस पुरावे का नाही, याचं आमच्या विज्ञानातलं उदाहरण देते. पालकात लोह भरपूर असा समज का पसरला, तर म्हणे एका जुन्या शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकीच्या जागी टाकलं. छान गोष्ट. व्याख्यानात सांगतात, पेपरात लिहितात. २०१४ मध्ये ओले ब्योर्न रेकडाल या नॉर्वेजियन अभ्यासकाने ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की ही दशांश चिन्हाची गोष्टच पुराव्याविना एका लेखातून दुसऱ्यात फिरत राहिली. निष्काळजीपणाविरुद्ध इशारा म्हणून सांगितलेली गोष्ट निष्काळजीपणे पसरली. तिथेही प्रत्येकाने शेवटचा लेख उद्धृत केला, पहिला कुणी उघडला नाही.

पण थांबा, टीकेचा दुसरा हिस्सा अण्णांच्या बाजूच्या लोकांना. ‘विग्रह होत नाही, म्हणजे नाव निरर्थक’ असं म्हणणारेही अर्धवटच वाचतात. नाव हे कोशातल्या शब्दासारखं चालत नाही. धोंडू, दगडू ही नावं आपल्याकडे शतकानुशतकं होती. विग्रह सोपा, अर्थ धोंडा. पण आईला मूल दगडासारखं हवं नव्हतं. आधीची मुलं गेलेली असायची, नजर लागू नये म्हणून ओबडधोबड नाव. नावाचा खरा अर्थ त्या भीतीत होता. ‘विहान’ बघा, त्यालाही पंडित नाकं मुरडतात. पण प्राकृतात ‘विहाण’ म्हणजे पहाट, आणि नेपाळीत आजही सकाळीला ‘बिहान’ म्हणतात. संस्कृतच्या दारातून आलं नाही म्हणून ते घरचं नाही असं कसं?

आणि अर्थाने काही फरक पडत नाही असंही मला म्हणायचं नाही. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या दोनशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलण्यात आली. नको असलेली, ती नकुशा. त्या नावाला कोश लागत नव्हता, विग्रह लागत नव्हता. शाळेत हजेरीला रोज तो अर्थ मोठ्याने वाचला जायचा आणि मुलगी ‘हजर’ म्हणायची. व्युत्पत्ती अगदी निर्दोष, आणि नाव क्रूर. रियांशच्या बाबतीत उलटं आहे. व्युत्पत्ती लंगडी, आणि नाव लाडाने ठेवलेलं. या दोहोंत निवडायचं झालं तर मला विचार करावा लागत नाही.

तेव्हा तीन वेगळे प्रश्न वेगळे ठेवा. नाव घडलं कसं, ते पसरलं कुठून, आणि ठेवणाऱ्याला त्यात काय दिसलं. पहिल्याला व्याकरण आणि कोश लागतो, दुसऱ्याला तारखा, तिसऱ्याला माणसाशी बोलावं लागतं. नावांची पानं तिसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या रकान्यात भरतात. अण्णा पहिल्याचं उत्तर तिसऱ्यावर लादतात. तुमच्या विषयातही हेच होताना दिसेल. यंत्रणा विचारली की लोक उपयोग सांगतात.

ताईला मी एवढंच लिहून पाठवलं: ‘अंश संस्कृत, रिया संस्कृत नाही, पूर्ण नाव आधुनिक आणि बहुधा हिंदी किंवा रोमन वाटेने आलेलं. किरण हा अर्थ शब्दातून निघत नाही. तुला तो आवडत असेल तर तुझा म्हणून सांग, संस्कृतचा म्हणून नको.’ अण्णांनी ते वाचलं. म्हणाले, ‘मग शिवांश ठेवा की.’ ताई म्हणाली, ‘त्या नावाची आमच्या मजल्यावर दोन आहेत.’ नाव रियांशच राहिलं.

मी तिला आणखी एक सांगितलं, जे खरं तर व्युत्पत्तीपेक्षा तातडीचं होतं. जन्मनोंदणीत नाव घालताना देवनागरी आणि रोमन, दोन्ही स्पेलिंगं आधी कागदावर लिहून ठरवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झालाय आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून तोच दाखला चालतो. रियांश, रेयांश, रियान्श, एक की दोन ‘ए’, हे तिथे एकदा उमटलं की पुढची सगळी कागदपत्रं त्याच्या मागे जातात. तिने मेहुण्यांना फोन लावला. त्यांनी हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘रेयांश’ लिहून दिलं होतं.